खोडवा आणि लागण : हनुवटीवरच्या केसांच्या लेसर उपचाराचं एक प्रकरण

ती पहिल्यांदा आली फेब्रुवारीच्या शेवटी, भर दुपारी. माझा दवाखाना कोल्हापुरात राजारामपुरीत आहे आणि दोन ते चार या वेळात तिथं फारसं कुणी नसतं, हे तिनं आधी फोन करून विचारून घेतलं होतं. सोबत आई. स्कूटीवरून येणाऱ्या मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात आणि दारात आल्या की सोडतात. हिनं खुर्चीत बसल्यावरही सोडला नाही. मी सांगितल्यावर सोडला, तेव्हा उजवा पंजा लगेच हनुवटीखाली गेला आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच राहिला.

वय २३. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, गाव पन्हाळा तालुक्यातलं, घरचा ऊस. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहायला तिची संमती आहे. तक्रार एकच : हनुवटी, वरचा ओठ आणि गळ्यावर दाट, काळे, राठ केस. ती स्वतः फार बोलली नाही. आईच म्हणाली, "मे महिन्यात पाव्हणं बघायला येणार हायेत. तवर कायमचे जात्यात न्हवं?"

या प्रश्नात दोन प्रश्न होते आणि दोन्हींचं उत्तर मला 'नाही' असंच द्यायचं होतं. मेपर्यंत जाणार नाहीत, आणि 'कायमचे' हा शब्द मी हनुवटीच्या बाबतीत कुणालाच देत नाही. दाराबाहेर पाटीवर तो शब्द लिहिला असता तर कदाचित गर्दी वाढली असती. पण याच शब्दानं या मुलीचं आधीच एकदा नुकसान केलं होतं.

आधी काय घडलं होतं

केस सोळाव्या वर्षापासून. सुरुवातीला महिन्यातून एकदा थ्रेडिंग, मग आठवड्याला, मग रोज. रोज सकाळी बाथरूममध्ये आरसा आणि चिमटा घेऊन वीस मिनिटं. हॉस्टेलवर खोलीतल्या मुली उठायच्या आत हे उरकायचं म्हणून ती पाचला उठायची. उपटून उपटून काही केस आत वळले होते, तिथं पुळ्या आणि पुळ्यांचे काळे डाग. केसांपेक्षा ते डागच आधी नजरेत भरत होते.

एकविसाव्या वर्षी तिनं एका ठिकाणी सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. सगळे पैसे आधी भरले. "लेसर" म्हणून जे केलं गेलं ते लेसर नव्हतंच, आयपीएल म्हणजे तीव्र प्रकाशाच्या झोताचं यंत्र होतं. तिसऱ्या वेळी जबड्यावर भाजलं. तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला : आगपेटीएवढे चौकोनी चट्टे, एकाला एक लागून, कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. असे चौकोन दिसले की ते यंत्राच्या काचेचे ठसे आहेत हे सांगायला चाचणी लागत नाही. डाग जायला आठ महिने लागले. पॅकेजचे उरलेले तीन सिटिंग तिनं सोडून दिले.

आयपीएल वाईट असं मी म्हणत नाही. गोऱ्या कातडीवर, काळ्या केसांवर ते काम करतं. पण त्यात अनेक लहरींचा मिसळलेला प्रकाश असतो, त्यातल्या आखूड लहरी वरच्या कातडीतलं रंगद्रव्यच आधी पकडतं. हिचा वर्ण सावळा. त्वचेच्या सहा प्रकारांच्या मापात पाचवा. तिच्यासाठी ते यंत्र मुळातच चुकीचं होतं आणि ते चालवणाऱ्यानं एकदाही तिचा वर्ण पाहून काही विचारलं नव्हतं.

केस कुणी लावले?

मी केसांआधी पाळीचं विचारलं. पंचेचाळीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. दोन वर्षांत वजन वाढलेलं. मानेवर मागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा. आई म्हणाली, "त्यो मळ हाय. लहानपणापासनं घासून घासून दमलो मी, निघतच न्हाई." नारळाच्या शेंडीनं, दगडानं, काय काय लावून घासला होता. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की मान-काखेत असा पट्टा उमटतो. हे ऐकल्यावर मुलीनं आईकडे पाहिलं. त्या एका नजरेत दहा वर्षांची आंघोळ होती.

तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक थोडं जास्त आलं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक. सोनोग्राफीत अंडाशयांच्या कडेनं बारीक बारीक फोडांची माळ. म्हणजे पीसीओएस, अंडाशयांचा आणि संप्रेरकांचा विकार. अमेरिकेतल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९३५ मध्ये ज्याचं वर्णन केलं तोच हा विकार. तो आजही असंख्य मुलींना पहिल्यांदा कळतो तो ब्यूटी पार्लरमध्ये, कारण घरात पाळीबद्दल कुणी बोलत नाही.

मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाळी आणि पुरुषी संप्रेरकं आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, पुढे त्याच संप्रेरकांना अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध जोडलं. ते चालू असताना गर्भ राहता कामा नये, हे मी तिला एकटीला बसवून सांगितलं. आईसमोर ते बोलणं नीट झालं नसतं. आणि हेही सांगितलं की या औषधांचा केसांवरचा परिणाम दिसायला सहा महिने तरी जातात. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते, म्हणून रोजचं चालणं ठरलं.

आई गप्प बसून ऐकत होती. मी समजावत होते की लेसर आत्ता असलेल्या केसांच्या मुळांवर काम करतं. पण चेहऱ्यावर बारीक लवेची हजारो मुळं असतात आणि संप्रेरकं वाढलेली राहिली की त्यांतली एकेक राठ होत जाते. तेवढ्यात आई म्हणाली, "म्हंजे खोडकी मारायची, पर लागण कोण करतंय त्ये बी बघायचं." इतकी वर्षं मी रुग्णांना हे सांगते आहे, यापेक्षा नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. आहेत ती उसाची बुडखी मारायची, पण नवी लावणी कोण करतंय तेही बघायचं : त्या दिवसापासून मी हेच वाक्य वापरते.

फुलका आणि भाकरी

या उपचारामागचा विचार १९८३ चा. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी दाखवलं की प्रकाशाची लहर आणि झोताचा वेळ नीट निवडला तर कातडीतली हवी ती एकच गोष्ट तापवता येते, आजूबाजूचं शाबूत ठेवून. केसांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे केसातलं काळं रंगद्रव्य, मेलॅनिन. अडचण ही की जे मारायचं त्यात रंगच नसतो. केस पुन्हा उगवणाऱ्या मूळ पेशी केसाच्या बाजूला असतात. म्हणून आधी केस तापवायचा आणि त्याची धग त्यांच्यापर्यंत पोचवायची. यातूनच बाकी सगळे नियम निघतात. केस काळा हवा, जाड हवा, आणि मुळात शाबूत हवा.

सावळ्या कातडीत मात्र मेलॅनिन कातडीतही भरपूर. मग केस तापेल आणि कातडी भाजणार नाही हे कसं जमवायचं? दोन गोष्टींनी. एक, लांब लहर. केसांसाठी वापरायच्या लेसरांपैकी अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरचं, डायोड साधारण ८१० चं, आणि एनडी-याग १०६४ चं. लहर जितकी लांब तितकी ती वरच्या रंगाला कमी दाद देते आणि खोल जाते. हिच्यासाठी मी एनडी-याग निवडलं. त्याची किंमत मोजावी लागते : ते जास्त दुखतं आणि एका सिटिंगमध्ये केस थोडे कमी मारतं. भाजलेल्या मुलीच्या बाबतीत हा सौदा मला पूर्ण मान्य आहे. दुसरी गोष्ट, लांब झोत. पातळ फुलका तव्यावरून काढला की लगेच निवतो, जाड भाकरी वेळ घेते. कातडीतले रंगाचे कण अगदी बारीक, ते झोत चालू असतानाच निवत जातात. जाड केस धग धरून ठेवतो. हे फुलका-भाकरीचं गणित पुढे माझ्याच हातून चुकलं, ते येईलच.

मार्चमध्ये जबड्याखाली, दिसणार नाही अशा जागी तीन झोत देऊन पाहिले आणि दोन आठवडे थांबले. डाग नाही.

दाढी

सगळ्यात अवघड भाग खर्चाचा किंवा दुखण्याचा नव्हता. पहिल्या सिटिंगआधी चार आठवडे चिमटा, दोरा, व्हॅक्स सगळं बंद करायचं होतं. केस उपटला तर धग वाहून नेणारी वातच गेली. मग त्या चार आठवड्यांत चेहरा कसा दाखवायचा? तर रेझर फिरवायचा.

"पोरीनं दाढी करायची?" आई उठून उभीच राहिली. "वस्तारा लागला की राठ येत्यात, दाट येत्यात. जलमाचं नुकसान."

मी म्हणाले, "मावशी, ऊस तोडल्यावर खोडवा येतो. तोडल्यामुळं एका बेटाची दोन बेटं होतात का?"

"न्हाई. बेट तेवढंच."

"मग?"

रेझर वरच्यावर केस कापतो. मूळ काही मिलीमीटर खाली असतं, त्याला कापल्याचं कळतही नाही. नवा केस टोकदार असतो, कापलेल्या केसाचं टोक बोथट, म्हणून हाताला राठ लागतो. संख्या वाढत नाही, जाडी वाढत नाही. मी त्यांच्यासमोर मुलीच्या हनुवटीवर जेल लावून रेझर फिरवून दाखवला. दीड मिनिट लागलं. मुलीनं हात फिरवला आणि म्हणाली, "मॅडम, मी सात वर्षं रोज वीस मिनिटं घालवली." मग खूप रडली. त्या दिवशी लेसर झालंच नाही, पण तिचा उपचार खरा त्या दिवशी सुरू झाला असं मी मानते.

सिटिंग

पहिलं सिटिंग एप्रिलच्या मध्याला. डोळ्यांवर धातूचे आवरण, भुवयांखाली आणि डोळ्यांच्या खोबणीच्या आत कधीही लेसर फिरवायचं नाही. गालावरचा तीळ पांढऱ्या पट्टीनं झाकला. थंड हवेची नळी, जेल, मग झोत. दुखणं ताणलेला रबरबँड चटकन बसावा तसं. हनुवटीवर सोसतं, वरच्या ओठावर डोळ्यांतून पाणी येतंच. केस जळल्याचा वास येतो, तो आधीच सांगून ठेवलेला बरा, नाहीतर माणूस घाबरतं. पाच मिनिटांत प्रत्येक केसाभोवती डास चावल्यासारखा बारीक फुगवटा आला. मला तोच पाहायचा असतो. तो आला म्हणजे धग मुळापर्यंत पोचली. कातडी करडी किंवा पांढरट पडायला लागली तर तिथल्या तिथं थांबायचं.

दहाव्या दिवशी फोन. "मॅडम, उलट वाढलेत." हा फोन जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा येतो. वाढलेले दिसतात ते मेलेले केस, कातडी त्यांना बाहेर ढकलत असते. मी म्हणाले, तोंड धुताना ओल्या कापडानं हलकं पूस. संध्याकाळी तिनं फोटो पाठवला : पांढऱ्या टॉवेलवर काळ्या तिळासारखे ठिपके, प्रत्येकाच्या एका टोकाला छोटी गाठ.

त्यानंतर तीन आठवडे हनुवटी स्वच्छ. हा काळ सगळ्यात फसवा. कुठल्याही वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात, विश्रांतीतल्या केसांवर लेसरचा उपयोग होत नाही, ते मागाहून येतात. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांनी, अंगावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं आणि सहा-आठ सिटिंगच्या आत निकाल बोलता येत नाही. मेमधले पाहुणे आले आणि गेले. ती रेझर फिरवून त्यांच्यासमोर बसली. पुढचं काही जमलं नाही, त्याची कारणं वेगळी होती.

उन्हाचं सांगते. एप्रिल-मेमध्ये पन्हाळ्याकडून स्कूटीवर रोज ये-जा म्हणजे लेसरनंतरच्या कातडीला शिक्षाच. सनस्क्रीन तर हवंच, पण तिला मी स्कार्फही चालू ठेवायला सांगितला, सैल आणि सुती. ज्या स्कार्फमागं ती लपायची त्याचा हा एक उपयोग तरी झाला.

तीच मुलगी, तीच मशीन

दुसऱ्या सिटिंगपासून तिनं काखाही करून घेतल्या. म्हणून माझ्यासमोर एक फार स्पष्ट तुलना तयार झाली. माणूस तोच, यंत्र तेच, हात माझाच. सहा सिटिंगनंतर काखेत मोजके चार-दोन केस, तेही बारीक. त्यानंतर ती महिनोन्‌महिने काखेकडे पाहत नाही. हनुवटीवर त्याच वेळी बरेच कमी झाले होते, पण गेले नव्हते.

काखेतली मुळं वयात येतानाच एकदाची राठ होऊन बसतात, नंतर नवी भरती फारशी नसते. खोडकी मारली की रान मोकळं. हनुवटीवर लागण चालूच. म्हणून कुणी मैत्रीण म्हणाली की माझे पाय सहा वेळांत साफ झाले, तर ती खोटं बोलत नसते, पण तिच्या पायांचा अनुभव तुमच्या हनुवटीला लावू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनंही या यंत्रांना परवानगी देताना शब्द वापरला तो कायमची 'घट' असा. उगवणाऱ्या केसांची संख्या दीर्घकाळ कमी राहणं. सगळे केस नाहीसे होणं असा त्याचा अर्थ नाही. जाहिरातीत 'घट' गळून जातं, 'कायमची' राहतं.

माझी चूक

पाचव्या सिटिंगला, सप्टेंबरच्या शेवटी, तिनं गालांच्या कडेची, कानाजवळची लव दाखवली. "एवढीपण करा ना मॅडम, फोटोत दिसते." मी नाही म्हणायला हवं होतं. ती लव बारीक आणि फिकट होती. म्हणजे फुलका. ती धग धरणार नव्हती. पण मुलगी खुश होती, हनुवटी चांगली चालली होती, मी 'हो' म्हणाले. पाचव्या आणि सहाव्या वेळी तिथं झोत दिले.

जानेवारीत ती आली तेव्हा खिडकीच्या उजेडात मला ते तिच्याआधी दिसलं. कानापासून जबड्याच्या कोनापर्यंत लव काळी आणि लांब झाली होती. याला उलटी केसवाढ म्हणतात. चेहऱ्याच्या कडेला आणि मानेवर, सावळ्या वर्णाच्या, संप्रेरकांचा त्रास असलेल्या बायकांमध्ये ती जास्त दिसते. मूळ मरेल एवढी धग पोचत नाही, पण झोपलेलं मूळ जागं होण्यापुरती पोचते, असं मानलं जातं. दक्षिण आशियातल्या मुलींमध्ये हे होतं हे मला माहीत होतं. माहीत असून मी केलं.

मी तिला तिथंच सांगितलं की हे माझ्यामुळं झालं आहे. तिनं विचारलं, "आता आणखी वाढणार?" मी म्हणाले, आता ते काळे आणि जाड आहेत, म्हणजे लेसरला दिसतात, नीट पूर्ण ताकदीनं करता येतील. त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या तीन वेळांत ते बरेचसे गेले, कानाजवळचा थोडा भाग अजून राहिला आहे. तेव्हापासून कडेची लव मी करत नाही, कितीही आग्रह झाला तरी, आणि हनुवटी करताना आजूबाजूला बर्फाच्या पिशव्या ठेवते, धग सांडू नये म्हणून.

आज

आठ सिटिंग मार्चला पूर्ण झाली. लग्न मेमध्ये ठरलं होतं, म्हणून मध्ये दोन महिने मोकळे ठेवले. हळदीच्या आधीच्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर लेसर करू नका, हे मी हटकून सांगते. ताज्या कातडीला हळद, उटणं आणि मांडवातली धग सोसत नाही. लग्नानंतर मुलाचा विचार होता म्हणून स्पायरोनोलॅक्टोन बंद केलं. तीन-चार महिन्यांत हनुवटीवर थोडे केस परत आले. तिला ते आधीच सांगितलं होतं, त्यामुळं ती घाबरली नाही. आता पाच महिन्यांनी एकदा येते. मधल्या काळात दहा दिवसांतून एकदा रेझर, दोन मिनिटं. पुळ्या नाहीत, काळे डाग जवळजवळ गेले. पाळी पस्तीस दिवसांवर आली आहे. मानेवरचा पट्टा फिकट झालाय, कुणीही न घासता.

तिला मी विचारलं की हे पुरेसं वाटतं का. ती म्हणाली, "मी सकाळी सातला उठतो आता." मोकळेपणानं बोलताना तीही आईसारखीच आमच्याकडच्या बोलीत 'उठतो' म्हणते.

कुणी मला विचारलं की कुठं करू, तर मी यंत्राचं नाव, लहर, आणि हातात झोत धरणारा माणूस कोण, हे तीन प्रश्न विचारायला सांगते. सगळे पैसे आधी भरू नका. आणि पाळी अनियमित असेल तर लेसरआधी रक्त तपासा.

गेल्या वेळी ती आली तेव्हा आई बरोबर होती. मुलीचं उरकल्यावर आई हळूच खुर्चीत बसली, पदर बाजूला केला आणि हनुवटी वर केली. चार-पाच केस, लांब, पूर्ण पांढरे.

"ह्ये?"

मी म्हणाले, "मावशी, पांढरा केस लेसरला दिसतच नाही. त्याला विजेची सुई लागते, एकेका मुळात घालून. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं आत वळलेल्या पापण्यांसाठी ती काढली, आजही तीच चालते. वेळ लागतो, पण तुमचे पाचच आहेत."

त्यांनी बोटानं तो एक केस धरून ओढून पाहिला.

"काळे व्हते तवा कुणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग मुलीकडं वळून, "तू बस घटकाभर. माजी बी सुई हून जाऊ दे."